आईच्या नावाची जात

पाथर्डी तालुक्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागून मला तीनच दिवस झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी फिकट सुती साडीतल्या एक उंच बाई माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लवंगेचं तेल आहे का गं तुझ्याकडं?"

मला वाटलं, दाढ दुखत असेल. मी बाटली काढून दिली, वर कापसाचा बोळाही दिला. त्यांनी बोळा परत केला.

"मला नको. माशीला हवंय."

ही डॉ. सुवार्ता साळवे यांची आणि माझी ओळख. त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. इमारतीच्या मागच्या अंगाला, पूर्वी जिथं सायकली ठेवत त्या लांबट खोलीत त्यांचं बस्तान होतं. एक सूक्ष्मदर्शक, दोन लोखंडी कपाटं, आणि त्या कपाटांत काचपट्ट्यांच्या शेकडो लाकडी पेट्या. प्रत्येक काचपट्टीवर एक ठिपका. तो ठिपका म्हणजे एक गांधीलमाशी, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, लवंगेच्या तेलात पारदर्शक करून काचेवर बसवलेली.

ट्रायकोग्रामा हे नाव आमच्या भागातल्या ऊस लावणाऱ्यांना ठाऊक असतं. साखर कारखान्यातून मिळणारी, अंडी चिकटवलेली कार्डं ते उसाच्या पानांना लावतात, त्या कार्डांतून ही माशी निघते आणि खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग त्या अंड्यातून किडा निघत नाही, माशीच निघते. एवढं शेतकऱ्याला पुरतं. मॅडमना पुरत नव्हतं. ही झाली प्रजाती, त्यांचा प्रश्न पुढचा होता, तिच्यात जाती किती आणि कुठली कुठली. सगळं आयुष्य त्यांनी या एका प्रश्नाला दिलं होतं.

माशीला कुणी चिलट म्हटलेलं त्यांना खपत नसे. "चिलटाला पंख दोन. हिला चार. मोजून बोलावं." गळ्यात काळ्या गोफात अडकवलेलं भिंग असायचं. एसटीत शेजारी बसलेल्या बायका ते मंगळसूत्र समजून विचारायच्या, "मालक काय करत्यात?" मॅडमनी लग्न केलं नव्हतं. त्या भिंग वर उचलून दाखवायच्या, "बघायचं काम करतात." एसटी उशिरा आली की त्या स्टँडमागच्या झुडपांची पानं उलटी करून बघत बसत. एकदा कंडक्टरनं डबल बेल दिली, मी दारातून हाका मारतेय, आणि या हातात पान धरून तिकडूनच ओरडताहेत, "शैला, अंडं काळं पडलंय!" अंडं काळं पडणं म्हणजे आत माशी असणं. एसटी गेली. आम्ही दोघी जीपच्या मागच्या फळीवर बसून घरी आलो. पान त्यांनी ओल्या रुमालात धरलं होतं.

त्यांचा एक शब्द सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध होता, "नर दाखवा." या प्रजातीत मादीवरून जात ओळखता येत नाही. माद्या सगळ्या सारख्या. नर लागतो. त्याच्या मिशांवरचे केस मोजायचे, पोटाच्या टोकाचा अवयव सोडवून बघायचा, तेव्हा जात कळते. मग कुणीही पुराव्याशिवाय काही ठणकावून सांगितलं की मॅडम म्हणायच्या, "नर दाखवा." प्राचार्यांनी भर सभेत सांगितलं की प्राणिशास्त्राला नवी इमारत मिळणार आहे. मागून आवाज आला, "नर दाखवा, सर." सगळी सभा हसली. नवीन लागलेल्या प्राध्यापकांना त्या हसण्याचं कारण कळेना.

कार्यालयात एक नवा कारकून आला होता. कुठलातरी माहितीचा तक्ता घेऊन तो खोलीत आला आणि चाचरत म्हणाला, "मॅडम, जात काय लिहू?"

"बसा," मॅडम म्हणाल्या. "जाती लावण्यात माझी तीस वर्षं गेली. आधी सांगा, कुठलं लक्षण बघून लावायची?"

"लक्षण न्हाई मॅडम. कागदावर काय हाय ते."

"कागदावर ख्रिस्ती आहे. पण तुम्हाला ते नकोय. तुम्हाला त्याच्या आधीचं हवंय, आज्याच्या आज्याचं." कारकून खाली बघू लागला. मॅडमनी आवाज चढवला नाही. "आमच्याकडं लक्षण न बघता जात लावत नाहीत. लावली तर पुढं कुणीतरी येऊन ती खोडतं."

हे वाक्य मला तेव्हा फक्त चुरचुरीत वाटलं होतं.

मॅडमनी एकच नवी जात शोधली होती. पीएचडीनंतर चार वर्षांनी, कर्जतच्या माळावर. अवयव नेहमीच्या, कारखान्यातल्या चिलोनिस जातीसारखाच, पण मिशांवरचे केस जवळजवळ निम्म्यानं आखूड. पाच नर मिळाले होते. त्यावर त्यांनी निबंध लिहिला, तो छापून आला, आणि जातीला त्यांनी आईचं नाव दिलं. आई सगुणाबाई. मिशनच्या बोर्डिंगात आयुष्यभर भाकऱ्या थापणारी, अक्षरओळख नसलेली. लॅटिनच्या नियमानं नावाला शेपूट लागलं आणि त्याचं झालं 'सगुणे'. मॅडम सांगायच्या, "वडील आईला अशीच हाक मारायचे. सगुणे, पाणी आण. मी पानावर ते छापलेलं पाहिलं आणि मला वडिलांचा आवाज ऐकू आला."

छापील पान त्यांनी आईला नेऊन दाखवलं होतं. आईनं विचारलं, "कुठं हाय माझं नाव?"

"हे, हितं."

"एवढुसं?" मग बोट त्या अक्षरांवर ठेवून म्हातारी म्हणाली, "माशीला ठिवलं व्हय. दुसरं काय घावलं न्हाई तुला?" पण पुढच्या रविवारी देवळात, म्हणजे चर्चला, जाताना तिनं ते पान पदरात बांधून नेलं होतं आणि साऱ्या आळीला दाखवलं होतं. मॅडम हे सांगताना नेहमी हसायच्या, आणि हसून झालं की भिंग पदरानं पुसायच्या.

दुखणं एवढंच होतं की सगुणे पुन्हा कुणाला सापडली नाही. पंचवीस वर्षं. परदेशातल्या एका अभ्यासकानं सगळ्या प्रजातीची यादी केली, तिच्यात सगुणेच्या नावापुढं प्रश्नचिन्ह घातलं. मॅडमनी ती यादी मला दाखवली तेव्हा तिथला कागद बोट फिरवून फिरवून मळला होता. दर पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या कर्जतला जायच्या, उन्हाळा पेपर तपासण्यात जायचा. माळ पालथा घालायच्या. मिळायची ती चिलोनिसच.

मग निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना करंजी घाटात, तरवडाच्या पानांवर, त्यांना फुलपाखराची काळी पडलेली अंडी मिळाली. त्यातून माश्या निघाल्या. सगळ्या माद्या. त्यांनी पुढची पिढी वाढवली. सगळ्या माद्या. तिसरी, चौथी, तेच.

गहिनीनाथमामा म्हणजे त्यांच्या खोलीचे शिपाई. अंड्यांच्या नळ्या धुण्यापासून माश्यांना अंडी मिळावीत म्हणून धान्यातले पतंग पाळण्यापर्यंत सगळं ते करत. मामांना ही गोष्ट पटेना. "मॅडम, बाप्याच न्हाई तर पोरं कशी हुत्यात?"

"होतात मामा. त्यांच्या अंगात एक जंतू असतो. तो नर होऊच देत नाही."

"लई बेस," मामा म्हणाले. "पर मग जात कशी कळायची?"

नेमकं तेच तर अडलं होतं.

त्याच पावसाळ्यात त्यांचा डोळा गेला. म्हणजे आधी उजवा. सूक्ष्मदर्शकात डाग दिसतोय म्हणून त्यांनी भिंगं पुसली, आरसा पुसला, काचपट्टी बदलली. डाग हलेना. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या मधोमध खराबी आहे, दुसऱ्या डोळ्यातही सुरू झालीय. इंजेक्शनं झाली. दिवाळीपर्यंत डाव्या डोळ्यानंही अक्षर दिसेना. कडेची भिंत दिसे, खिडकी दिसे, सूक्ष्मदर्शकाखालचा ठिपका तेवढा दिसत नसे.

मी पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हा. खोलीत कुणी नव्हतं. त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या आणि दिवा लावलेलाच नव्हता.

"शैला," त्या म्हणाल्या, "तू बघशील का माझ्यासाठी?"

मी म्हणाले, "मला काय कळतंय मॅडम त्यातलं."

"तुला कळायला नकोच आहे. जे दिसेल तेवढंच सांग."

जंतू मारायचा एक मार्ग उष्णता. माश्या बत्तीस अंशांवर वाढवल्या की एकदोन पिढ्यांनी थोडे नर निघतात. उन्हाळ्यात आम्ही ते आरंभलं. तेव्हा खोलीतच चाळीस अंश व्हायचे, माश्या मरू नयेत म्हणून लाकडी पेटीभोवती मामा दिवसातून आठ वेळा ओलं गोणपाट गुंडाळायचे. वीज गेली की पुठ्ठ्यानं वारा घालायचे. पहिल्या पिढीत काही नाही. दुसऱ्या पिढीत सात नर निघाले.

त्यांना काचपट्टीवर मॅडमनीच बसवलं, न बघता. सुईच्या टोकानं. मग मी डोळा लावला. मिशा दिसल्या. त्यांच्यावर केस.

"सगळ्यात लांब केस पकड. भिंगातल्या मोजपट्टीवर किती घरं?"

मी मोजलं. परत मोजलं. आकडा सांगितला.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "दुसरा नर बघ."

तोही तसाच. सातही तसेच. आखूड केस. पंचवीस वर्षांपूर्वीचे कर्जतचे आकडे मॅडमना पाठ होते, तंतोतंत जुळत होते.

"सगुणे," त्या म्हणाल्या. नुसत्या हाक मारल्यासारख्या. मामांनी चहा आणला, त्यांनी तो बशीत ओतून फुर्र करून प्यायला. त्यांना असं पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. प्रश्नचिन्ह गेलं होतं. निवृत्तीला दहा महिने होते, निबंध लिहायला पुरेसे होते.

त्या चहापाशीच थांबून निबंध लिहिला असता तर कुणी काही म्हणणार नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "कारखान्याकडून चिलोनिसचं एक कार्ड मागवलंय. तेही त्याच पेटीत ठेवू."

"कशाला?"

"तुलना. एवढं केल्याशिवाय छापायचं नसतं."

महिनाभरात त्या पेटीतून चिलोनिसचे नर निघाले. मी डोळा लावला. चिलोनिसचे केस लांब असायला हवे होते. आखूड होते. सगुणेइतकेच आखूड.

पाठीमागं मॅडम उभ्या होत्या. "किती घरं?"

मी आकडा सांगितला. खोटा. लांब केसाचा, पुस्तकातला.

"दुसरा?"

तोही खोटा सांगितला.

त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "शैला, गेल्या खेपेला एका केसाला तुला पाच मिनिटं लागत होती. आज दोन केस एका मिनिटात झाले."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खरं सांग."

मी सांगितलं. एकेक आकडा. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "दुसऱ्या कपाटात, खालून तिसरी पेटी. कर्जतचे पाच नर. लेबल वाच. महिना वाच फक्त."

ते बारीक अक्षर त्यांचंच, तरुणपणीचं. "मे," मी म्हणाले.

"पाचही?"

"पाचही मे."

बाहेर मामा गोणपाटावर पाणी मारत होते, त्याचा आवाज येत होता. मॅडम म्हणाल्या, "कर्जतचा मे. म्हणजे उन्हानं आखडलेले केस. माझ्या लक्षातच आलं नाही. एकाच महिन्यातले नर आहेत हे बघायचं तरी होतं." मग एकदम, मोठ्यानं, "अगं, पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं मी पावसाळ्यात आणि दिवाळीत शोधत फिरले!"

खात्रीसाठी त्यांनी उलटंही करून घेतलं. जंतू गेलेल्या तरवडाच्या माश्या पेटीतून काढून गार जागी, माझ्या प्रयोगशाळेतल्या माठाशेजारी वाढवल्या. केस लांब आले. सगुणे नावाची वेगळी जात नव्हती. उन्हातली चिलोनिसच होती ती.

त्या आठवड्यात मी त्यांच्याशी भांडले. "मॅडम, कोण तपासणार आहे? साऱ्या देशात या माश्या बघणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. राहू द्या की प्रश्नचिन्ह. नुसतं गप्प बसा."

"आणि पुढं एखादी पोरगी सगुणे शोधत उन्हातान्हात माळ तुडवील, ते?"

"आईचं नाव आहे ते!"

"म्हणून तर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "आई खोटं नाव लावून घेणारी नव्हती गं."

मी म्हटलं, नाव काही अगदी पुसलं जात नाही, यादीत खाली राहतं. त्या म्हणाल्या, "हो. चिलोनिसच्या खाली. बारीक अक्षरात. एकच जात, चुकून दिलेलं नाव." मग बराच वेळ त्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसल्या.

मजकूर त्यांनी तोंडी सांगितला, मी टाइप केला. पाऊण पान झाला. 'सगुणे' हा शब्द त्यात चार वेळा येत होता, चारही वेळा त्या अडखळल्या. लेखकाच्या जागी त्यांनी माझं आणि गहिनीनाथमामांचंही नाव घालायला लावलं. मामा म्हणाले, "मी काय केलं? पानीच मारलं." मॅडम म्हणाल्या, "पाण्यावरच तर सगळं तरलं."

तो मजकूर छापून आला. कुणाचंही पत्र आलं नाही, मेल आला नाही. प्रश्नचिन्ह घालणाऱ्या त्या परदेशी अभ्यासकाचाही नाही. मॅडम रोज मला विचारायच्या, "काही आलं का?" मी मोबाईल बघून सांगायची, "नाही अजून." महिन्यानं त्यांनी विचारणं सोडलं.

पुढचं सगळं घाईघाईत झालं. प्राणिशास्त्राला त्या वर्षी चारच मुलं आली, वर्ग बंद झाला. खोली संगणकांसाठी हवी होती. काचपट्ट्या एका राष्ट्रीय संग्रहालयात पाठवायचं ठरलं, संग्रहालयानं यादी मागितली. मी आणि मामा लेबलं वाचत होतो, मॅडम ऐकून "हा ठेवा", "हा टाका" सांगत होत्या. अर्ध्यावर असतानाच कपाटं हलवायची वेळ आली. हमालांनी एक कपाट आडवं केलं. आतून काचांचा जो आवाज आला तो ऐकून मॅडम भिंतीला टेकून खाली बसल्या. मी पेटी उघडून काय काय शाबूत आहे ते सांगायला लागले, तर म्हणाल्या, "नको सांगू." कर्जतची पेटी शाबूत होती. तेही त्यांनी ऐकून घेतलं नाही.

तरवडाच्या माश्यांची पैदास त्या धांदलीत मेली. नवी आणायला मी आणि मामा करंजी घाटात गेलो, तर रस्ता रुंद करायला ती कड कापून काढली होती. तरवडाचं नाव नव्हतं. मुरमाचे ढीग होते. मामा म्हणाले, "मॅडमला सांगू नगा." आम्ही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

निवृत्तीनंतर मॅडम नगरला भावाच्या घरी राहायला गेल्या. गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधी, मी भेटायला गेले. पुढच्या पडवीत खुर्चीत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, गळ्यात काही नव्हतं. माझ्या आवाजावर हसल्या, हात पुढं केला. भावजयीनं चहा दिला. मी कॉलेजातलं काहीबाही सांगत राहिले, त्या "हं, हं" करत राहिल्या. माश्यांचा विषय मी काढला नाही. मध्येच त्यांनी विचारलं, "तुझ्या प्रयोगशाळेत अजून माठ आहे का गं?" मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, "बरं आहे. उन्हाळ्यात पाणी गार राहतं."

तासाभरानं मी उठले. पायाला हात लावला, फाटकापर्यंत गेले आणि हात हलवायला वळले. मॅडमनी माझ्याकडून तोंड फिरवलं होतं. पार भिंतीकडं. त्या पाऊण पानासाठी, त्या आकड्यांसाठी, त्या दिवशीच्या खोट्यासाठी त्यांनी मला माफ केलं नाही, असंच मला वाटलं.

मागून भावजय आली. हळूच म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ, ताई. समोर बघितलं की त्यांना माणूस दिसत न्हाई. तोंड असं बाजूला केलं की डोळ्याच्या कोपऱ्यातनं थोडं थोडं दिसतं."

मी फाटकाशी उभी राहिले. मॅडम भिंतीकडं तोंड करून, मान ताठ ठेवून, मला बघत होत्या.